मिलोराद कॅमेऱ्यापुढं रडत नाही

मिलोराद मरायला फार चांगला. टीव्हीवर मी त्याला निदान दहा-अकरा वेळा मेलेला पाहिलाय. एकदा कालव्याच्या काठी, एकदा लिफ्टमध्ये, दोनदा रशियन गुंड म्हणून गाडीच्या डिकीत. तो रशियन नाही, सर्बियाचा आहे. पण इथल्या टीव्हीवाल्यांना त्यात फरक दिसत नाही, जसा माझ्यात आणि पंजाब्यात दिसत नाही. तो वाद मी घालतो. मिलोराद घालत नसे. तो म्हणायचा, "मायस्तोरे, मेल्यावर कोण रशियन आणि कोण सर्ब?"

मायस्तोरे म्हणजे त्यांच्याकडं मिस्त्री, उस्ताद. तो मला याच नावानं हाक मारायचा. माझं नाव नामदेव, पण नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात ते कुणालाच जमलं नाही. तिथं आम्ही दोघं पोर्टर होतो. पोर्टर म्हणजे पेशंटला वॉर्डातून एक्सरेला, एक्सरेतून ऑपरेशनला आणि नशीब फिरलं तर तळमजल्याच्या थंड खोलीत नेणारा माणूस. माझी बायको कमल नर्स. तिला इकडं नोकरी लागली म्हणून आम्ही आलो. ती शिकलेली, मी चौथी. हे मी कुणापासून लपवत नाही. तेरा वर्षं ट्रॉली ढकलली आणि एकदाही कुणाचा पाय दाराच्या चौकटीला लागू दिला नाही. ते चौथीत शिकवत नाहीत आणि कॉलेजातही नाही.

तर मरणाचं सांगत होतो. टीव्हीवर तो मेला की दुसऱ्या दिवशी कमल त्याला वॉर्डात गाठायची. मिलोराद हे नाव तिच्या तोंडात बसेना, म्हणून तिनं त्याचा मिलिंद केला होता.

"मिलिंदभाऊ, काल तुमचं मरण छान झालं."

तो टोपी नसताना टोपी काढल्यासारखा हात करायचा. "थँक यू, सिस्टर कमल. ते म्हणाले डोळे पूर्ण मीट. मी म्हटलं, तुम्ही कधी मेलेला माणूस उचललाय का? मी आठवड्याला उचलतो. डोळे अर्धे असतात."

त्याचं आणि माझं इंग्रजी सारखंच मोडकं. पण मोडायच्या जागा वेगळ्या होत्या, त्यामुळं दोघांचं मिळून एक वाक्य पुरं व्हायचं. काही शब्द तर इंग्रजीशिवायच जुळायचे. साबणाला तो सापून म्हणतो, बक्षिसाला बक्षिश. हे ऐकून मी त्याला पहिल्याच आठवड्यात घरी जेवायला बोलावला.

आमच्या हॉलमध्ये भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे आणि शेजारी निळ्या कोटातला फोटो. मिलोराद बूट काढून आत आला, दोन्ही नीट बघितलं आणि विचारलं, "एक बुद्ध. हा दुसरा कोण?"

मी म्हटलं, "ज्यांनी आम्हाला मान वर करून चालायला सांगितलं ते."

तो फोटोच्या आणखी जवळ गेला. मग म्हणाला, "सूट चांगला शिवलाय. मान वर करायची तर कॉलर बरोबर पाहिजे." दुसरा कुणी असं बोलला असता तर मी त्याला जेवू न घालता पाठवला असता. पण हा थट्टा करत नव्हता, हे मला कळलं. पुढच्या एप्रिलला आमच्या जयंतीच्या कार्यक्रमाला तो आपणहून आला, एकुलता एक सूट घालून, इस्त्री करून. पहिल्या रांगेत बसला. दीड तासाच्या मराठी भाषणात एकदाही जांभई दिली नाही. आमच्यातल्या निम्म्यांनी दिली.

त्याच्या सवयी सांगतो. हवेच्या झोताला तो वाघाला भ्यावं तसा भ्यायचा. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या दिसल्या की एक लावणार, वॉर्ड कुणाचाही असो. त्यांच्या देशात सगळे आजार म्हणे त्या झोतानं होतात. दात दुखला झोत, कंबर धरली झोत. इंग्लिश नर्सा हसायच्या. कमल हसायची नाही. ती म्हणायची, "बरोबर आहे त्यांचं, कानाला वारं लागतं." लिफ्टबाहेर पेशंट थांबवायची वेळ आली की मिलोराद आधी ब्लँकेट त्याच्या गळ्यापर्यंत ओढायचा आणि कडेनं खोचायचा. म्हाताऱ्या बायका त्याचीच शिफ्ट विचारायच्या.

सप्टेंबरात तो दोन पोती लाल मिरच्या आणायचा, त्या मोठ्या, गोड, न झोंबणाऱ्या. मागच्या अंगणात शेगडीवर काळ्या होईपर्यंत भाजायच्या, सोलायच्या, वाटायच्या, बरण्या भरायच्या. मी मदतीला. भरताची वांगी भाजलेल्या माणसाला ते काही नवं नाही. शेजारच्या बाईंनी एका वर्षी फायर ब्रिगेडला फोन केला. बंब आला, चार जवान उतरले. मिलोरादनं त्यांना पावाला ती चटणी लावून दिली, एक बरणी बरोबर दिली आणि शेजारच्या बाईंना दोन.

"दोन का?" मी विचारलं.

"एक बरणी दिली की ती पुढच्या वर्षी फोन करणार नाही. दोन दिल्या की विचारायला येणार, यंदा कधी भाजणार."

आणि तसंच झालं.

तो लहानपणी सिनेमात होता हे मला वर्षभर माहीत नव्हतं. सांगितलं ते हॉस्पिटलातल्या एका सर्जननं. तो क्रोएशियाचा. पूर्वी त्या दोघांचा देश एकच होता. मिलोरादला कॉरिडॉरमध्ये बघून थांबला, हातातला कागद तसाच, आणि त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला. मिलोरादनं मान हलवली आणि ट्रॉली घेऊन पुढं निघाला. सर्जन मला म्हणाला, "तुम्हाला माहीत आहे हा कोण आहे? आमच्या लहानपणी प्रत्येक शाळेच्या भिंतीवर याचा चेहरा होता. माझी आई याला बघून रडायची."

मी मिलोरादला विचारलं. तो म्हणाला, "हो, होतो. सात वर्षांचा. तेव्हा देश मोठा होता आणि मी लहान. मग मी मोठा झालो, देश लहान." याहून जास्त बोलेना. एवढंच कळलं की लहानपणी अकरा सिनेमे केले, आवाज फुटला तशी कामं थांबली, मग नाटकात छोटी-मोठी, मग तिकडं लढाई लागली आणि हा इकडं आला. मी पण खोदलं नाही. माणसाला सांगायचं असेल तर सांगतो.

आता आमचं भांडण.

एका दुपारी पोर्टरांच्या खोलीत चहा पीत बसलो होतो. गोष्टी निघाल्या पोरांच्या. मी माझी एक गोष्ट सांगितली, जी मी नेहमी सांगायचो आणि लोक हसायचे. कमल इंग्लंडला आधी एकटी आली, वर्षभर. आमची सुजाता तेव्हा सहा वर्षांची. आई चाललीय म्हटल्यावर पोरगी विमानतळ डोक्यावर घेणार, म्हणून मी शक्कल काढली. कमलची टॅक्सी यायच्या वेळी सुजाताला भेळ खायला नेलं. परत आलो तर आई नाही. म्हटलं, आई ड्युटीवर गेली, संध्याकाळी येईल. पोरगी संध्याकाळी गेटवर जाऊन उभी. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठ दिवस उभी राहिली.

"आणि नवव्या दिवशी आपोआप थांबली," मी म्हटलं. "पोरं विसरतात."

बाकीचे हसले. मिलोरादनं कप खाली ठेवला. मला म्हणाला, "टाळ्या पण वाजवल्यास का?"

मला काही कळलं नाही. तो उठून गेला.

त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलेना. मी पण कुणाच्या दारात जाऊन उभा राहणारा नाही. माझी चूक काय ते मला सांग, मग बघू. सांगितल्याशिवाय मी कशाला वाकू? पंधरा दिवस आम्ही असे काढले. पण जड पेशंटला दोघं पोर्टर लागतात आणि रोस्टरवर आमची जोडी. मग पेशंटच्या अंगावरून बोलणं. तो पेशंटला म्हणायचा, "सर, तुमच्या डाव्या बाजूच्या गृहस्थांना सांगा, तीन म्हटलं की उचलायचं." मी म्हणायचो, "सर, त्यांना सांगा, मला आकडे येतात." एक म्हातारा खाणकामगार होता, नॉटिंगहॅमचाच. तो म्हणाला, "तुमचं एकमेकांशी लग्न झालंय का रे?"

शेवटी मिलोराद घरी आला. कमलला म्हणाला, "सिस्टर, कपाट सरकवायला एक माणूस हवाय." कमलनं माझ्याकडं बघितलं. मी चप्पल घातली. माफी कुणी मागितली नाही, हे ध्यानात ठेवा. कपाट सरकवायला गेलो.

कपाटामागं पोस्टर होतं, भिंतीकडं तोंड केलेलं. त्यानं ते फिरवलं. एक मुलगा, कान बाहेर आलेले, डोक्यावर मोठ्या माणसाची टोपी, आणि सगळा चेहरा रडून भिजलेला. खोटं रडणं नाही. मी हॉस्पिटलात माणसं रडताना पाहिलीत, मला फरक कळतो.

मग बसून त्यानं सांगितलं. लढाईत पोरकं झालेल्या मुलाचा सिनेमा. दिग्दर्शकाला खरं रडणं पाहिजे. मिलोराद रडेना, त्याला सेटवर मजा येत होती. घोडे होते, रेल्वेचं इंजिन होतं. बापाचं काम करणारा जो नट होता त्याच्यावर याचा फार जीव. तो नट याला खांद्यावर घेऊन फिरायचा, अक्रोड फोडून द्यायचा. तर दिग्दर्शकानं त्याच नटाला पाठवलं. त्यानं याला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, "तुझी आई मघाच्या गाडीनं गेली. तिनं कागदावर सही केलीय. आता तू आमच्याकडंच राहायचं." कॅमेरा चालूच होता.

"मी किती वेळ रडलो ते मला आठवत नाही," मिलोराद म्हणाला. "फिल्म संपली, त्यांनी दुसरी घातली, एवढं आठवतं. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ट्रकच्या मागून आई बाहेर आली. ती पण टाळ्या वाजवत होती."

मी उठलो. पोस्टर भिंतीकडं फिरवलं आणि कपाट परत लावलं. जड होतं, ओकचं.

त्यानंतर सगळ्या देशाला हा मुलगा रडताना पाहिजे होता. रस्त्यात बायका थांबवून म्हणायच्या, जरा रडून दाखव की रे. पण तो नंतर कॅमेऱ्यापुढं कधी रडला नाही. कांदा आणला, कापूर आणला, डोळ्यांत थेंब घालायला बघितलं. हा हसेल, पडेल, घोड्यावर बसेल, मरेल, पण रडणार नाही. "ती एक गोष्ट त्यांनी चोरून घेतली," म्हणायचा. "दुसऱ्यांदा देणार नाही." काही चांगली कामं त्यामुळं गेली. गेली तर गेली. मला हा माणूस तेव्हापासून जास्त आवडायला लागला, कारण हट्ट म्हणजे काय ते मला कळतं.

आम्ही दोघं रिटायर झालो. मी झालो आणि बसलो. तो झाला आणि मरायला मोकळा झाला. पण बहात्तराव्या वर्षी एक दिवस आला तो हातात कागद नाचवत. सिनेमात काम मिळालं होतं. मरायचं नाही, गुंड नाही. आजोबा. परक्या देशातून आलेला म्हातारा आणि त्याची सात वर्षांची नात, असा सिनेमा. त्याला नाव होतं, चेहरा होता, पुष्कळ बोलायचं होतं. कमलनं गोड केलं. तो शब्द पाठ करायला आमच्याकडं यायचा, नातीची वाक्यं कमल म्हणायची, आणि मी ऐकणारा.

"कसं वाटतं, मायस्तोरे?"

"जरा कमी बोल. आजोबा एवढं बोलत नाहीत."

"तू बोलतोस."

"मी आजोबा म्हणून बोलत नाही. मला माहिती असते म्हणून बोलतो."

शूटिंग नॉटिंगहॅमबाहेर एका बंद पडलेल्या हॉस्पिटलात. त्यांना मागं ट्रॉली ढकलणारा माणूस पाहिजे होता. मिलोराद म्हणाला, माझ्याकडं खरा आहे. असा मी सिनेमात गेलो.

पहिल्याच सकाळी माझी कुरबुर झाली. दिग्दर्शक तरुण, सभ्य, मृदू बोलणारा. मला म्हणाला, ट्रॉली इकडून आणा, म्हणजे पेशंटचं डोकं आधी दिसेल. मी म्हटलं, पेशंट पायांकडून पुढं जातो, म्हणजे त्याला कुठं चाललोय ते दिसतं. तो म्हणाला, कॅमेऱ्यात डोकं छान दिसतं. मी म्हटलं, दिसत असेल, पण ट्रॉलीवरचा माणूस घाबरतो. ट्रॉलीवर झोपलेला नट म्हणाला, "मला चालेल." मी त्याला म्हटलं, "तू गप पड, तू आजारी आहेस." शेवटी त्यांनी कॅमेरा पलीकडं नेला. ट्रॉली फिरवली नाही.

मिलोराद लांबून बघत होता. अंगठा वर केला त्यानं.

ती मुलगी सात वर्षांची, नाव एमी, पुढचा दात पडलेला. इथं लहान मुलांना कामाला घेतलं की त्यांच्याबरोबर जबाबदार मोठं माणूस पाहिजेच, कायदा आहे. एमीबरोबर तिची आई होती. पोरगी तीन दिवसांत मिलोरादला चिकटली. त्याच्या कोटाच्या खिशात शेंगदाणे असायचे आणि त्याला नाण्याची एक जादू यायची, जी दर वेळी फसायची. फसली की एमी त्याला समजावायची, नाणं कुठं लपवायचं.

चौथ्या दिवशी रडायचा प्रसंग. आजोबा नातीला कॉरिडॉरच्या बाकावर घेऊन बसतो, तिची आई ऑपरेशनला गेलेली असते, असं काहीतरी. एमीला रडू येईना. एकदा, दोनदा, पाच वेळा. तिला भूक लागली, मग खाल्लं, मग हसायला यायला लागलं. उजेड चालला होता.

मी ट्रॉलीपाशी उभा होतो, बाकापासून दहा हातांवर. मी ऐकलं ते असं. एक पोरगी हातात क्लिपबोर्ड घेऊन आली आणि एमीच्या आईला म्हणाली, एका फॉर्मवर सही राहिलीय, दोन मिनिटं या. आई गेली, निळ्या दारातून. मग दिग्दर्शक मिलोरादजवळ वाकला. हळू बोलला, पण रिकाम्या हॉस्पिटलात हळू बोललेलं पण ऐकू येतं.

"तुमचं ती ऐकते. तिला फक्त एवढंच सांगा की तिची मम्मी घरी गेली. अर्धं मिनिट. आम्ही रोल करतोय, कॅमेरा चालूच राहील. मग मी स्वतः तिला चॉकलेट देतो आणि सगळं सांगतो."

मी मिलोरादच्या चेहऱ्याकडं बघितलं. तिथं काही नव्हतं. मला वाटलं, आता हा उठणार, ओरडणार, खुर्ची फेकणार. मी असतो तर फेकली असती. मोठेपणी मिळालेलं पहिलं मोठं काम होतं ते, आणि त्याला ते किती हवं होतं ते आमच्या स्वयंपाकघराला माहीत होतं.

तो नुसता म्हणाला, "रोल करा."

आणि जाऊन बाकावर बसला. एमीच्या कोटाची कॉलर सरळ केली, कारण कॉरिडॉरमध्ये हवेचा झोत होता.  खोटं कशाला सांगू, मला वाटलं हा सांगणार.

मिलोराद एमीला म्हणाला, मोठ्यानं, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं, "तुझी आई त्या निळ्या दारामागं आहे. कागदावर सही करतेय. मला सांगितलंय की तुला सांग, ती घरी गेली, म्हणजे तू रडशील. मी ते सांगणार नाही, कारण ते खरं नाही. आता तुला रडता येत असेल तर रड. येत नसेल तरी तू चांगली नटी आहेस."

एमीनं विचार केला. "मला सॅड फेस करता येतो," म्हणाली.

"कर."

तिनं केला. दाढ दुखल्यासारखा. लाइटवाला पोऱ्या फिस्सकन हसला, मग कॅमेरावाला, मग एमी स्वतः. निळं दार उघडून आई आली. तिनं पण ऐकलं होतं. ती येऊन एमीच्या मागं उभी राहिली आणि पुढं दिवसभर तिथून हलली नाही. कुणी फॉर्म घेऊन आलं तर म्हणाली, इथं आणा.

दिग्दर्शक मिलोरादला बाजूला घेऊन गेला. आवाज चढवला नाही त्यानं, ते त्यांच्यात करत नाहीत. म्हणाला, "मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता."

मिलोराद म्हणाला, "तिनं पण."

"असं काम होत नाही."

"मग दुसरा म्हातारा बघ."

आणि त्यानं बघितला. दुसऱ्या दिवशी फोन आला की उरलेल्या शूटिंगला मिलोरादची गरज नाही.

पण मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं. आम्ही दोघं बसनं परत आलो. वरच्या मजल्यावर, पुढच्या सीटवर. मला वाटलं समजूत काढावी लागेल, म्हणून मी मनात शब्द जुळवत होतो, जे मला जमत नाही. तो खिडकी लावून बसला आणि म्हणाला, "मायस्तोरे, आज मी चांगलं काम केलं."

"केलंस," मी म्हटलं.

"एका टेकमध्ये."

घरी आल्यावर मी सुजाताला फोन लावला. ती बेसिंगस्टोकला असते, कॉम्प्युटरमध्ये. मी सहसा फोन करत नाही, कमल करते आणि मला देते. सुजाता घाबरली, "बाबा, काय झालं? आई ओके आहे ना?" मी म्हटलं, आई ठीक आहे. मग विचारलं, तुला ते गेट आठवतं का, आई गेली तेव्हाचं.

तिकडं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बाबा, मी आठ दिवस नाही, पूर्ण इयर बघत होते. फक्त तुमच्यासमोर थांबले होते, कारण तुम्ही लोकांना सांगून हसायचे."

त्यापुढं मी तिला काय म्हणालो ते आमच्या घरातलं आहे. ती गोष्ट मी आता कुणाला सांगत नाही. इथं लिहिली ती सुजाताला विचारून.

सिनेमा पुढच्या वर्षी लागला. आम्ही तिघं गेलो. मिलोराद त्यात सुरुवातीला थोडा आहे, समोरून. त्यानंतर आजोबांची फक्त पाठ. कोट तोच, माणूस दुसरा. तो दुसरा म्हातारा डाव्या पायावर जोर देऊन चालतो, मिलोराद उजव्या. पोर्टरच्या नजरेतून ते सुटत नाही. मला राग आला. मिलोराद शेंगदाणे खात म्हणाला, "पाठीनं बरं काम करतो हा." माझी ट्रॉली पण आहे एका ठिकाणी, पाय पुढं. बाकावरच्या प्रसंगात एमी रडत नाही. आई गेली त्या बंद दाराकडं बघत नुसती बसून राहते, आणि माझ्या मागची बाई नाक पुसत होती.

बाहेर आल्यावर मिलोराद म्हणाला, "कौन्सिलचा एक फॉर्म भरायचाय. सुजाता मदत करेल का?"

फॉर्म होता सेटवर मुलांना सांभाळणारा माणूस होण्याचा. ज्या मुलाचे आईबाप सेटवर येऊ शकत नाहीत, त्याच्याबरोबर कौन्सिलचा, म्हणजे इथल्या पालिकेचा, परवाना असलेला माणूस बसतो. मूल किती वेळ काम करतंय, खाल्लं का, दमलं का, हे बघायचं. त्यानं थांबवलं की थांबवायचं, दिग्दर्शक कितीही मोठा असो. पोलिसांकडून तपासणी होते, मुलाखत होते. सुजातानं फोनवर एकेक प्रश्न वाचला. तो सांगत गेला, ती लिहीत गेली.

"मिलोराद अंकल, एक्सपिरियन्स काय लिहू? मुलांबरोबर काम केलंय का?"

"लिही, मी मूल होतो. अकरा सिनेमे."

"अंकल, त्यांना ते तसं नको असतं."

"तसंच लिही."

तिनं तसंच लिहिलं. मुलाखतीत एका बाईंनी त्याला म्हणे विचारलं, या वयात हे कशाला? त्यानं काय सांगितलं ते मला सांगितलं नाही. पण परवाना आला. गळ्यात घालायचं कार्ड, फोटोसकट. फोटोत हसलाय.

त्र्याहत्तराव्या वर्षी तो मँचेस्टरला राहायला गेला, कारण जास्त काम तिकडं. लोक या वयात बंगला विकून मुलाजवळ जातात, हा नोकरीसाठी गाव बदलतो. कपाट त्यानं मला दिलं. पोस्टरचं काय केलं, मी विचारलं नाही.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते गेल्या शरदात. कमलच्या बहिणीची मुलगी तिकडं असते, तिच्याकडं गेलो होतो. त्यानं पत्ता कळवला होता, एका बागेत शूटिंग आहे, ये. गेलो. मोठमोठे दिवे, क्रेन, पन्नासेक माणसं आणि मध्ये एक पाच-सहा वर्षांचा मुलगा पानांच्या ढिगात उड्या मारतोय. पुन्हा पुन्हा. दिग्दर्शक कुणी नावाजलेला असावा, सगळे त्याच्याशी मान खाली घालून बोलत होते.

मिलोराद घडीच्या खुर्चीवर बाजूला बसलेला. गळ्यात कार्ड, मफलर, मांडीवर मुलाचं जॅकेट, हातात घड्याळ. मी हात हलवला. त्यानं मान एवढीशी हलवली आणि नजर परत मुलावर. ड्युटीवर होता.

मुलानं अजून एकदा उडी मारली आणि उठायला जरा वेळ लावला. कुणाच्या लक्षात आलं नसेल. मिलोराद उठला. खुर्ची घडी केली, झाडाला टेकवली, आणि सरळ दिव्यांच्या मधोमध चालत गेला. कुणीतरी ओरडलं, "अजून एक टेक, प्लीज, फक्त एक." दिग्दर्शकानं मिलोरादला थांबवायला हात वर केला.

"मिस्टर, याची वेळ संपली," मिलोराद म्हणाला.

आवाज मोठा नव्हता. क्रेन थांबली. त्यानं गुडघ्यावर बसून मुलाला जॅकेट घातलं, झिप गळ्यापर्यंत ओढली. मुलगा त्याला काहीतरी विचारत होता. मिलोराद पूर्ण ऐकून घेत होता, मध्ये घाई न करता, आणि ती सगळी माणसं हात बांधून उभी होती.